कोळशाच्या कणातील दहा गुंठे : अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण आणि आधाराला बांधलेला उत्प्रेरक

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा माझ्याकडून इतिहासावरील लेखाची अपेक्षा असणार हे उघड होते. मी इतिहासाचा शिक्षक आहे. रसायनशास्त्रावर लिहिण्याचा माझा रूढ अर्थाने अधिकार नाही. तरीही हा लेख रसायनशास्त्रावर आहे, आणि त्याला कारण आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न आहे.

तो दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या सुट्टीत लोह्याला आला होता. दहावीनंतर आयटीआय करून तो एका रसायन कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. मिरवणूक संपल्यावर आम्ही वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बोलत बसलो होतो. बोलता बोलता त्याने नाकाला रुमाल लावला आणि रुमालावर रक्ताचा डाग उमटला. नाकाच्या दोन पुड्यांमधल्या पडद्याला भोक पडले आहे, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. "दुखत नाही, सर. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, एवढंच," असे तो हसून म्हणाला. त्याच्या विभागात एका मोठ्या टाकीत नारिंगी रंगाचे क्रोमचे द्रावण वापरले जात असे. मग त्याने विचारले, "सर, हे क्रोम तिथं कशाला लागतं? त्याच्याशिवाय होत नाही का?"

मला उत्तर देता आले नाही. नांदेडला एम.एस्सी. रसायनशास्त्र करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीला मी तोच प्रश्न विचारला. तिने वर्षभरात मला जे समजावून सांगितले आणि मी पुस्तकांतून जे ताडून पाहिले, ते येथे मांडतो आहे.

अल्कोहोल म्हटले की आपल्या वस्त्यांत एकच वस्तू डोळ्यांसमोर येते आणि तिने किती घरे उद्ध्वस्त केली हे आपण जाणतो. रसायनशास्त्रात मात्र अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. ज्या कार्बनी रेणूत कार्बनला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी विशिष्ट रीतीने लागलेली असते, तो अल्कोहोल. उसाच्या मळीपासून बनणारे इथेनॉल, विषारी मिथेनॉल, साबण बनवताना सुटणारे ग्लिसरॉल, काही इंजेक्शनांत टिकाऊपणासाठी घातले जाणारे बेंझिल अल्कोहोल, ही सर्व या कुटुंबातली. औषधे, सुगंधी द्रव्ये, रंग, प्लास्टिक यांच्या निर्मितीत अल्कोहोलचे रूपांतर दुसऱ्या पदार्थात करण्याची वेळ वारंवार येते आणि त्यातले एक महत्त्वाचे रूपांतर म्हणजे ऑक्सिडीकरण.

दहावीच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. इथेनॉलमध्ये अल्कधर्मी पोटॅशिअम परमँगनेट थेंबाथेंबाने घातले की त्याचा जांभळट गुलाबी रंग नाहीसा होतो आणि शेवटी इथेनॉइक आम्ल म्हणजे व्हिनेगारमधले आम्ल मिळते. पुस्तक ही क्रिया एका ओळीत सांगते. प्रत्यक्षात तिच्या दोन पायऱ्या आहेत. आधी अल्कोहोलच्या रेणूतून दोन हायड्रोजन निघून जातात आणि अल्डिहाइड तयार होते. नंतर त्या अल्डिहाइडात ऑक्सिजन शिरतो आणि आम्ल तयार होते.

कोणत्या पायरीवर थांबायचे, यावर सारे अवलंबून असते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल पोटात गेल्यावर यकृतात त्याचे हेच ऑक्सिडीकरण होते. पहिल्या पायरीवर फॉर्माल्डिहाइड, दुसऱ्या पायरीवर फॉर्मिक आम्ल. ते आम्ल साचत जाते, दृष्टी जाते, मग जीव जातो. मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड कारखान्यांतही मुद्दाम बनवतात, पण तेथे चांदीच्या किंवा लोह आणि मॉलिब्डेनम यांच्या उत्प्रेरकावर क्रिया घडवून ती पहिल्या पायरीवर आवरली जाते.

आता क्रोमकडे वळू. अल्कोहोलमधले हायड्रोजन ओढून घेण्यासाठी कोणीतरी ऑक्सिडक लागतो. डायक्रोमेट हा जुना, खात्रीचा आणि जोरकस ऑक्सिडक आहे. मद्यपी चालकाच्या श्वासाची तपासणी पूर्वी ज्या नळीने होई, तिच्यात हेच नारिंगी डायक्रोमेट असे. श्वासातील अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होई आणि नारिंगीचा हिरवा रंग होई. नळीत चिमूटभर द्रव्य पुरते. कारखान्याच्या हिशेबात काय होते, हे माझ्या विद्यार्थिनीने वहीत मांडून दाखवले. बेंझिल अल्कोहोलचे बेंझाल्डिहाइड डायक्रोमेटने करायचे ठरवले तर ३२४ किलो अल्कोहोलपासून फार तर ३१८ किलो बेंझाल्डिहाइड मिळेल, आणि त्यासाठी २६२ किलो सोडिअम डायक्रोमेट आणि ३९२ किलो गंधकाम्ल खर्ची पडेल. हा कागदावरचा किमान हिशेब आहे. मालाइतकाच, किंबहुना मालापेक्षा अधिक, कचरा! त्या कचऱ्यात १०४ किलो क्रोमिअम असते.

हेच हायड्रोजन साध्या ऑक्सिजनने काढून घेता आले तर? ३२४ किलो अल्कोहोलला ४८ किलो ऑक्सिजन पुरतो आणि मागे उरते ५४ किलो पाणी. हा आकडा मी तिच्याकडून दोनदा तपासून घेतला.

सहासंयुजी क्रोमिअम हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निर्विवाद मान्य केले आहे. त्याचे तुषार नाकात जाऊन पडद्याला भोक पडणे हा क्रोम कामगारांचा शंभर वर्षांहून जुना, वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेला आजार आहे. तामिळनाडूत रानीपेट येथे एक क्रोमेट कारखाना बंद पडला तेव्हा त्याने लाख टनांहून अधिक क्रोमयुक्त कचरा मागे ठेवला, आणि तेथील भूजल अजून त्याची किंमत मोजते आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा पूर्वार्ध असा सुटला. क्रोम लागते, कारण ते खात्रीने काम करते. उत्तरार्ध मात्र लांबचा आहे.

हवेतला ऑक्सिजन फुकट आहे, पण तो स्वतःहून अल्कोहोलच्या वाटेला जात नाही. बाटलीतले स्पिरिट हवेत उघडे ठेवले तर ते उडून जाईल, पण त्याचे आम्ल होणार नाही. त्या दोघांची गाठ घालून देणारा आणि स्वतः खर्च न होणारा तिसरा पदार्थ लागतो. तो उत्प्रेरक. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन घालण्यासाठी निकेल वापरतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, तसेच हे.

येथे इतिहासाच्या शिक्षकाला थोडी मोकळीक मिळावी. उत्प्रेरणाचा शोध ज्या प्रयोगांतून लागला, त्यांत अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाचा प्रयोग अगदी आरंभीचा आहे, हे वाचून मला आनंद झाला. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी पाहिले की प्लॅटिनमची गरम तार ज्वलनशील वाफ आणि हवा यांच्या मिश्रणात धरली तर ज्योत नसतानाही ती तापून लाल राहते. १८२० मध्ये त्यांचे चुलतभाऊ एडमंड डेव्ही यांनी प्लॅटिनमची अतिसूक्ष्म भुकटी तयार केली. ती अल्कोहोलने ओली करताच आपोआप तापून लाल होई. जर्मनीतील येना येथे योहान व्होल्फगांग डोबेरायनर यांनी दाखवले की त्या भुकटीवर अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल होते आणि प्लॅटिनम जसेच्या तसे राहते. डोबेरायनर हे एका घोडागाडीवानाचे पुत्र. नियमित शालेय शिक्षण जेमतेम, औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून ते रसायन शिकले आणि विद्यापीठात प्राध्यापक झाले. आपल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. पुढे १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस यांनी अशा साऱ्या घटनांना 'कॅटॅलिसिस' हे एकच नाव दिले.

एडमंड डेव्ही यांच्या भुकटीत पुढच्या दोनशे वर्षांची दिशा दडलेली होती. तार आणि भुकटी यांचा धातू एकच. फरक होता तो पृष्ठभागाचा. उत्प्रेरक काम करतो ते आपल्या पृष्ठभागावर. आत दडलेले अणू काहीच करत नाहीत. हे समजण्यासाठी एक ग्रॅम सोने घ्या. त्याचा घन केला तर त्याची बाजू चार मिलिमीटरहूनही थोडी कमी भरते आणि सगळ्या बाजूंचे क्षेत्रफळ मिळून एक चौरस सेंटिमीटरसुद्धा होत नाही. त्याच एका ग्रॅमचे तीन नॅनोमीटर व्यासाचे गोळे केले, तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे शंभर चौरस मीटर, म्हणजे एक गुंठा भरते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा एका गोळ्यात सुमारे आठशे अणू असतात आणि त्यांतले एक तृतीयांश तरी पृष्ठभागावर असतात.

मात्र हे गोळे मोकळे राहू शकत नाहीत. एकमेकांना भेटताच ते चिकटतात आणि मोठे होतात; गुंठ्याचा पुन्हा घन होऊ लागतो. शिवाय क्रिया संपल्यावर इतके बारीक कण द्रवातून वेगळे काढायचे कसे? एक ग्रॅम पॅलेडिअम किंवा सोने काही हजार रुपयांचे, ते मालाबरोबर वाहून गेले तर कारखाना दिवाळ्यात निघेल. म्हणून त्यांना दूर दूर बसवून ठेवणारा आणि सहज गाळता येणारा आधार लागतो. येथे कोळसा कामाला येतो.

चुलीतला कोळसा आणि हा कोळसा यांत फरक आहे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा हवेशिवाय जाळून, मग ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला वाफेत ठेवला की त्यातला थोडा थोडा कार्बन झिजतो आणि असंख्य छिद्रे उघडतात. यालाच सक्रियित कार्बन म्हणतात. उसाची चिपाडे किंवा पऱ्हाट्या यांच्यापासून फॉस्फोरिक आम्लाच्या साहाय्याने असा कार्बन बनवण्याचे प्रयोगही अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत. सामान्य प्रतीच्या एका ग्रॅम सक्रियित कार्बनचे आतले क्षेत्रफळ सुमारे हजार चौरस मीटर असते. हजार चौरस मीटर म्हणजे दहा गुंठे. चार ग्रॅम कोळसा, एक एकर! ज्यांच्या आजोबांच्या नावावर एक गुंठाही नव्हता, अशा मुलांच्या वर्गात मी हा हिशेब सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, सातबारा कुणाच्या नावावर?"

प्रश्न विनोदाचा होता, तरी त्यातला शेतीचा व्यवहार या विषयाला नेमका लागू पडतो. कार्बनची छिद्रे तीन प्रकारची मानतात : दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद, दोन ते पन्नास नॅनोमीटर रुंदीची आणि त्याहून रुंद. बोळ, गल्ली आणि हमरस्ता समजा. दहा गुंठ्यांपैकी बहुतेक क्षेत्रफळ बोळांच्या भिंतींवर असते. तीन नॅनोमीटरचा सोन्याचा गोळा त्यांत शिरूच शकत नाही, आणि मोठ्या आकाराचा अल्कोहोल रेणू शिरलाच तर परत यायला फार वेळ लावतो. तेवढ्यात त्याचे आणखी ऑक्सिडीकरण होते आणि अल्डिहाइडाऐवजी आम्ल हाती येते. म्हणजे शेत सातबारावर आहे, पण शेतात जायला रस्ता नाही. म्हणून अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणासाठी कार्बन निवडताना नुसत्या क्षेत्रफळाच्या आकड्यावर भुलून चालत नाही. मधल्या गल्ल्या भरपूर असलेला कार्बन लागतो.

सच्छिद्र कोळशाचा उपयोग उत्प्रेरकाच्या आधारापेक्षा जुना आहे. १८११-१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये हाडांच्या कोळशाने आधी व्हिनेगारचा आणि मग साखरेच्या पाकाचा रंग काढण्यास आरंभ झाला. पांढऱ्या साखरेची पांढरी शुभ्रता पुढे बराच काळ हाडांच्या कोळशावर अवलंबून होती. ब्रिटिश काळात आपल्या देशातूनही हाडांचा मोठा व्यापार चाले. गावकुसाबाहेरून ती हाडे गोळा करणारे हात कोणाचे होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्या हातांची नोंद नाही. इतिहासाच्या पुस्तकातही फारशी नाही.

आता मूळ मुद्दा, बांधणीचा. कोळशाच्या भिंतीवर धातू बसवायचा कसा?

सर्वांत सोपी रीत भिजवण्याची. धातूच्या क्षाराच्या द्रावणात कोळसा भिजवायचा, वाळवायचा आणि हायड्रोजनने किंवा अन्य क्षपणकाने क्षाराचा धातू करायचा. पण शुद्ध कार्बनची भिंत गुळगुळीत आणि पाण्याला नावडणारी असते. वाळताना द्रावण कडेला सरकते आणि धातू एकाच जागी गोळा होतो. म्हणून कोळशाला आधी नत्राम्लात तापवतात. त्याने भिंतीवर जागोजागी कार्बोक्झिल गट उगवतात, म्हणजे व्हिनेगारच्या आम्लात जो गट असतो तोच. पाण्यात हे गट हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात आणि प्लॅटिनम किंवा पॅलेडिअमच्या धनभारित आयनांना एकेक करून धरून ठेवतात. मग क्षपण केले की कण बारीक आणि विखुरलेले राहतात.

सोन्याचे दुखणे वेगळे आहे. सोन्याचा क्षार कोळशाला लागताच कोळसाच त्याचे क्षपण करतो आणि सोन्याचे मोठाले गोळे होतात. यावर उपाय असा की गोळे आधीच द्रवात तयार करायचे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाच्या चिकट द्रव्याचे वेष्टण देऊन सोडिअम बोरोहायड्राइडने सोन्याचे क्षपण करतात. माणकासारखे लालसर तपकिरी पाणी मिळते. त्यात कोळसा टाकून ढवळले की पाणी निवळत जाते आणि सोने कोळशावर बसते. वेष्टण फार जाड राहिले तर सोने झाकलेलेच राहते, सगळे धुऊन काढले तर कण एकमेकांना चिकटू लागतात. बाजारात 'एक टक्का सोने' असलेला उत्प्रेरक म्हणतात तेव्हा एका ग्रॅम कोळशावर दहा मिलिग्रॅम सोने असते. दहा गुंठ्यांच्या रानात त्याचा पृष्ठभाग केवळ एक चौरस मीटर. त्यामुळे कणांना एकमेकांपासून लांब राहणे जमते.

सोन्याला निष्क्रिय धातू समजण्याची परंपरा फार जुनी आहे. १९८० च्या दशकात जपानमध्ये मासातके हारुता यांनी आणि ब्रिटनमध्ये ग्रॅहम हचिंग्ज यांनी, अल्कोहोलशी संबंध नसलेल्या क्रियांमध्ये, सूक्ष्म सोने उत्तम उत्प्रेरक ठरते हे दाखवले. १९९८ मध्ये मिलान येथील लॉरा प्राती आणि मिकेले रोस्सी यांनी कार्बनवरील सोन्याने द्रव अवस्थेत डायॉलचे, म्हणजे दोन अल्कोहोल गट असलेल्या रेणूंचे, ऑक्सिडीकरण केले. २००२ मध्ये हचिंग्ज यांच्या गटाने ग्राफाइटवरील सोन्याने ग्लिसरॉलचे ग्लिसरिक आम्ल केले. दोन्हीकडे अल्कली घालावी लागली होती, ही त्यातली मेख. कारण अल्कलीशिवाय सोन्याला अल्कोहोलचा पहिला हायड्रोजन सोडवणे जड जाते, आणि अल्कली घातली की मागे पुन्हा क्षाराचा कचरा उरतो.

महाराष्ट्रात या विषयाचे एक महत्त्वाचे काम पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. बाजारातले बरेचसे बेंझाल्डिहाइड टोल्युइनवर क्लोरीनची क्रिया करून बनते आणि त्यात क्लोरीनयुक्त अंश राहतात. सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांना ते चालत नाहीत. व्ही. आर. चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'ग्रीन केमिस्ट्री' या नियतकालिकात आधारावर बसवलेल्या सूक्ष्म सोन्याच्या साहाय्याने, कोणताही द्रावक न वापरता, बेंझिल अल्कोहोल आणि ऑक्सिजन यांच्यापासून क्लोरीनमुक्त बेंझाल्डिहाइड मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचा आधार कार्बनचा नव्हता, धातूंच्या ऑक्साइडांचा होता. तत्त्व मात्र हेच. ही प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. त्याच वर्षी २६ जानेवारीला संविधान अमलात आले आणि जूनमध्ये औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कला आणि विज्ञान महाविद्यालय सुरू केले, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून आपण ओळखतो. मराठवाड्यातल्या आपल्या मुलांच्या हाती परीक्षानळी आली ती तेथून. तारखा शेजारी मांडण्याची इतिहासकाराची ही खोड समजा.

धातूच नव्हे, तर संपूर्ण रेणूही कार्बनला बांधता येतो. 'टेम्पो' नावाचा एक नारिंगी रंगाचा पदार्थ आहे. आपल्याकडे टेम्पो म्हटले की मोंढ्यात सोयाबीन नेणारी गाडी आठवते. हा टेम्पो एका लांबलचक रासायनिक नावाचे संक्षिप्त रूप आहे. त्यातील नायट्रोजनला जोडलेला ऑक्सिजन अल्कोहोलचे हायड्रोजन चटकन घेतो आणि बहुधा अल्डिहाइडावरच थांबतो. नंतर दुसरा स्वस्त ऑक्सिडक, किंवा तांब्याच्या मदतीने ऑक्सिजन, त्याला पुन्हा ताजा करतो. पण तो द्रवात विरघळतो आणि मालातून वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून त्याच्या रेणूवर आधीच एक अमाइन गट ठेवतात आणि नत्राम्लाने कोळशावर उगवलेल्या कार्बोक्झिल गटाशी त्याची गाठ मारतात. ती गाठ अमाइड बंधाची. डाळीतल्या प्रथिनांचे मणी ज्या बंधाने ओवलेले असतात, तोच हा बंध. नुसता चिकटवलेला रेणू गरम द्रावकात सुटून जातो, बांधलेला टिकतो. अर्थात दोर फार आखूड असेल तर रेणू भिंतीला टेकून राहतो आणि अल्कोहोल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मधे काही कार्बन अणूंची साखळी सोडतात. दावणीला बैल बांधताना दावे किती लांब ठेवावे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

उत्प्रेरक बांधला गेला आहे, हे ठरवायचे कसे? हा भाग मला सर्वांत आवडला, कारण तो साधनांची चिकित्सा करण्यासारखा आहे. क्रिया निम्मी झाली असताना गरम द्रव तसाच गाळायचा, काळी भुकटी बाजूला काढायची आणि निवळ द्रव पुन्हा त्याच तापमानाला, ऑक्सिजनखाली ठेवायचा. क्रिया थांबली, तर काम भुकटीवर होत होते. ती चालू राहिली, तर धातू सुटून द्रवात आला आहे आणि काम तोच करतो आहे. द्रव गरम असतानाच गाळला पाहिजे. थंड होऊ दिला तर सुटलेला धातू परत कोळशावर जाऊन बसतो आणि चोरी लपते. औषधांच्या बाबतीत हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. तोंडाने घ्यायच्या औषधातून माणसाच्या पोटात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलेडिअम जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

टिकून राहिलेला उत्प्रेरकही थकतो. अल्कोहोल धातूवर बसते, हायड्रोजन देते, ऑक्सिजन ते घेऊन पाणी होतो आणि जागा मोकळी होते. हे चक्र बिघडण्याची कारणे अनेक. ऑक्सिजन जास्त झाला तर प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर तोच ठाण मांडतो. बनलेले आम्ल छिद्रांत अडकते. प्लॅटिनम किंवा पॅलेडिअमबरोबर थोडे बिस्मथ घातले तर हा थकवा बराच लांबतो. शेवटी उत्प्रेरक निकामी झालाच, तर कार्बनचा एक गुण उपयोगी पडतो : तो जळतो. कोळसा जाळून राखेतून मौल्यवान धातू परत मिळवतात. असे धातू परत काढून देणारे उद्योग नवी मुंबईच्या पट्ट्यात आहेत.

हा जळण्याचा गुण घातकही आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यासारख्या मुलांनी एवढा परिच्छेद तरी लक्षपूर्वक वाचावा. एडमंड डेव्ही यांची भुकटी अल्कोहोलने ओली होताच लाल झाली होती. कार्बनवरील कोरडे पॅलेडिअम किंवा प्लॅटिनम उघड्या हवेत मिथेनॉलमध्ये ओतले तर तेच घडते आणि भोवतालच्या वाफेचा भडका उडतो. म्हणून असा उत्प्रेरक पाण्याने ओला असलेलाच मागवतात. आधी भांड्यातली हवा नायट्रोजनने काढतात, भुकटी आधी आणि अल्कोहोल नंतर घालतात. गाळल्यावर चाळणीवरची काळी भुकटी वाळू देत नाहीत. ती कचऱ्याच्या डब्यात टाकणे म्हणजे डब्याला काडी लावणे. ऑक्सिजन आत सोडतानाही तो नायट्रोजनने पातळ करून, मर्यादेत सोडतात. क्रोमचे विष गेले म्हणून धोका गेला असे नाही. त्याचे स्वरूप बदलले.

मग सगळे कारखाने क्रोम का सोडत नाहीत? काही ठिकाणी सोडले आहे. जेथे नाही, तेथे कारणे साधी आहेत. जुनी टाकी उभी आहे, डायक्रोमेट स्वस्त आहे, मौल्यवान धातूत एकदम मोठी रक्कम गुंतवावी लागते, आणि नारळाच्या एका खेपेचा कोळसा दुसऱ्या खेपेसारखा वागेलच याची हमी नसते. आणखी एक कारण मला दिसते, ते रसायनशास्त्राचे नाही. कामगाराच्या नाकाचा पडदा कोणत्याच ताळेबंदात खर्च म्हणून लिहिला जात नाही. तो लिहिला गेला असता तर डायक्रोमेट स्वस्त राहिले नसते.

माझी विद्यार्थिनी तिच्या प्रकल्पासाठी कोळशावर पॅलेडिअम बसवण्याचा प्रयत्न करत होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने मला काळ्या भुकटीची एक कुपी दाखवली. डोळ्यांना ती शेगडीतल्या चुऱ्यासारखीच. गरम गाळणीची चाचणी तिने केली तेव्हा निवळ द्रवात क्रिया चालूच राहिली होती. म्हणजे पॅलेडिअम सुटत होते. तिने तो निष्कर्ष जसाच्या तसा वहीत लिहिला आणि कोळशाला नत्राम्लात किती वेळ ठेवायचे, येथून पुन्हा आरंभ केला आहे.

आणि तो? नाकाच्या तक्रारीनंतर त्याला दुसऱ्या विभागात हलवले आहे. परवा त्याचा फोन आला होता. नव्या विभागात पिंपांतून काळी पावडर येते, म्हणाला. ती ओली येते की कोरडी, हे मी आधी विचारले.

"ओली असते, सर. चिखलासारखी."

आणि टाकीत टाकण्याआधी नायट्रोजन सोडतात का, हे विचारले. त्याला ठाऊक नव्हते. उद्याच्या पाळीत विचारून सांगतो, म्हणाला.